सुलट बाजू वर

टेलरबाईचा दिवस गुलाबी पाण्यानं सुरू व्हायचा. दोन दारं ओलांडायची, बाहेरच्या चपला बाहेर ठेवायच्या, केस टोपीत कोंबायचे, गाऊन चढवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग त्या बिनखिडकीच्या खोलीत शिरायचं. उजेड असा की सावलीला टेकायला जागा मिळू नये. हवा गाळणाऱ्या पंख्याची एकसुरी घरघर. कोपऱ्यात इनक्युबेटर, तिच्या भाषेत उबेची पेटी, माणसाच्या अंगाइतकी गरम. पेटीचं आतलं काचेचं दार उघडलं की ओलसर वाफ तोंडावर यायची. भल्या सकाळी गोठ्यात येते तशी, फक्त वास नसायचा. आत फळ्यांवर चपट्या बश्या, बश्यांत गुलाबी पाणी आणि त्या पाण्यात कुणाकुणाचे डोळे.

अख्खे डोळे नव्हेत. बुबुळावर पारदर्शक काच असते, कॉर्निया म्हणतात ती, तिच्यावरची नुसती साल. कांद्याच्या पापुद्र्यानं लाजावं इतकी पातळ. ही साल रोज झिजते आणि रोज नवी होते. नवी कुठून येते? काळं आणि पांढरं जिथं मिळतं तिथं गोल कड असते, तिथून. चुन्यानं, ॲसिडनं, आगीनं ती कड मेली की मागं फक्त पांढऱ्याचं राज्य. या खोलीच्या मालकीण, मोठ्या बाई, चांगल्या शिकल्यासवरल्या शास्त्रज्ञ. पाहुण्यांना हे समजावून सांगायला त्या अर्धा तास घ्यायच्या. टेलरबाई एका दमात सांगायची, "बांध फुटला, तण माजलं. आम्ही उरलेल्या बांधाचं बी आणतो आणि इथं रोप करतो."

पाहुणे हसायचे. मोठ्या बाई हसायच्या नाहीत, पण पुढच्या पाहुण्यांना 'बांध' हा शब्द त्यांच्याही तोंडून निघायचा.

ते रोप लावायचं एका पडद्यावर. बाळ पोटात ज्या पातळ पिशवीत तरंगतं, त्या पिशवीचा हा तुकडा. बाळंतिणींनी राजीखुशीनं दिलेला, धुऊन, तपासून, गोठवून ठेवलेला. पडद्याला दोन बाजू. एक गुळगुळीत, ती सुलट, तिच्यावर पेशी नीट पसरतात. दुसरी चिकट, ती उलट. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच. कोरड्या कापसाची काडी कोपऱ्याला लावायची, चिकट धागा निघाला की समजायचं ही उलट. मग सुलट बाजू वर करून पडदा बशीत अंथरायचा, मोठ्यानं म्हणायचं "सुलट बाजू वर", आणि शेजारी बसलेल्यानं ते वहीत लिहायचं. असा तिथला रिवाज.

टेलरबाईचा स्वतःचा आणखी एक रिवाज होता, कुणाला न सांगितलेला. सुलट बाजू सापडली की लांबट पडद्याचा वरचा उजवा कोपरा ती कणभर छाटायची. शिंप्याची सवय. खूण केल्याशिवाय कापड टेबलावर ठेवायचं नाही.

ती मुळात दुकानातलीच. बापाचं शिलाईचं दुकान, दोन मशिनी, एक आरसा. बारावीपर्यंत शास्त्र शिकली आणि मग काजं-बटणं करत बसली ती वीस वर्षं. पोर हुशार, पण जागेवर नसायची. शाळेत असताना दोनदा फ्रॉक उलटा घालून गेली. अख्ख्या आळीला हसायला निमित्त, शिंप्याची पोर आणि शिवणी बाहेर! बाप म्हणायचा, "हिचं धड इथं असतं आणि डोकं दोरीवर वाळत घातलेलं असतं." पण हात मात्र तिचे जाग्यावर. एकदा मोठ्या बाई त्या दुकानात जुनी रेशमी साडी घेऊन आल्या. जरीचा काठ काढून द्यायचा होता आणि रेशीम असं जीर्ण की बोट लागलं तरी विरावं. टेलरबाईनं दोन तासांत काठ वेगळा केला, रेशमाचा एक धागा न तोडता. मोठ्या बाई स्टुलावर बसून नुसत्या तिच्या बोटांकडं बघत राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, "माझ्याकडं याहून पातळ कापड आहे. येतेस?"

त्याला सहा वर्षं झाली.

मायक्रोस्कोपला डोळा लावला की टेलरबाई जायची. कुठं, ते तिलाच ठाऊक. पडद्याच्या मधोमध ठेवलेला तिळाएवढा कण म्हणजे डोंगर, त्याच्या पायथ्यापासून पेशी चहूकडं निघालेल्या, एकीला एक चिकटून, अंगणात फरशी बसवावी तशा. रोज दोन फरश्या पुढं. ती त्या अंगणात अनवाणी फिरायची. पायाला गार लागायचं. कुठल्याशा घराचं दार उघडं असायचं आणि आत कुणीतरी पहिल्यांदाच उजेड बघत असायचं. मग मोठ्या बाई मागून म्हणायच्या, "टेलरबाई, पापणी लवू दे जरा," आणि अंगण मिटायचं.

बश्यांना नंबर होते. तिनं नावं ठेवलेली. गवंडी, पेपरवाली, वेल्डर. आणि त्या महिन्यात रंगारी.

रंगाऱ्याला तिनं पाहिलं होतं. पेशींना खायला घालायच्या पाण्यात माणसाच्या स्वतःच्याच रक्तातलं पिवळं पाणी मिसळावं लागतं. ते रक्त आणायला ती खाली डोळ्यांच्या दवाखान्यात गेली तेव्हा तो बाकावर बसला होता, शेजारी बायको. नऊ वर्षांपूर्वी चुन्याची बादली शिडीवरून तोंडावर आली आणि दोन्ही बुबुळं पांढरी झाली. आता त्याला नुसता उजेड-अंधार कळायचा. उजवा डोळा आतूनही खलास. डाव्याची काच खालून चांगली होती, वर फक्त तण. आणि त्याच डाव्या डोळ्यात, वरच्या पापणीखाली, नखाच्या कोरीएवढा बांध जिवंत सापडला होता. तिथूनच तुकडा घेतलेला. पुन्हा घेता येणार नव्हता. घेतला तर बांधच संपला.

"ताई, माझ्या डोळ्याला खायला काय देता?" त्यानं विचारलं होतं.

"तुमचंच रक्त."

"अरेरे. उपाशी मरणार बिचारा," तो म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "चेष्टा सुचते यांना. नऊ वर्षं हात धरून फिरवतेय मी."

त्याच आठवड्यात टेलरबाईच्या घरात एक नदी शिरली होती.

नदी म्हणजे नाटकगृहाचा पडदा. निळी मखमल, अवाढव्य. दुकान बंद करायच्या आधी म्हाताऱ्या बापानं हे शेवटचं काम अंगावर घेतलेलं. अस्तर बदलायचं आणि खालची दुमड नव्यानं घालायची. पडदा पुढच्या खोलीतून निघून स्वयंपाकघरातून मागच्या पायरीपर्यंत पसरलेला. चालायला वाट नाही, सगळे काठाकाठानं. तीन संध्याकाळी बापलेक त्या निळ्या पाण्यात गुडघाभर बसून शिवत होते. म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवता येईना, पण जिभेला धार तशीच.

"उलटी घाल, उलटी. मखमल कामाला कायम उलटी बसते. सुलट घातलीस तर लव मरेल."

"ठाऊक आहे, बाबा."

"ठाऊक आहे तर हात का थांबतो?"

हात थांबायचा, कारण दिवसभर तो दुसरंच करून आलेला असायचा. पण तीन संध्याकाळींत तोही मुकाट्यानं शिकला. कापड आलं की उलटं. कापड आलं की उलटं. झोपेतसुद्धा निळं पाणी पालथं होऊन वाहत होतं.

रंगाऱ्याचा तुकडा चौथ्या दिवशी सकाळी आला.

ती पडद्याला काडी लावते, सुलट बाजू सापडते, कोपरा छाटते. तोंडानं म्हणते, "सुलट बाजू वर." मोठ्या बाई वहीत लिहितात. मग ती त्या तुकड्याचे तीन कण करून पडद्यावर ठेवते आणि बशी उबेच्या पेटीत जाते. झालं. कुणालाही विचारा, सगळं रीतसर.

लावल्यापासून सहाव्या दिवशी इतर बश्यांत अंगणं पसरलेली. पेपरवालीचं तर निम्म्या पडद्यापर्यंत आलेलं. रंगाऱ्याच्या कणांभोवती मात्र पाच-सात पेशी, त्याही वेड्यावाकड्या, गर्दीत वाट चुकलेल्या माणसांसारख्या.

"जुन्या डोळ्याचं बी आहे. वेळ लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. ऑपरेशनची तारीख चौदाव्या दिवसाची ठरलेली.

टेलरबाईनं बशी पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतली. त्या ओसाड अंगणात ती बराच वेळ फिरली. फिरत फिरत पार कडेला गेली, जिथं कधी कुणी जात नाही, आणि कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. कोपरा छाटलेला होता. डावा.

तिनं बशी फिरवली. खालचं वर केलं. आता छाटलेला कोपरा खाली उजवीकडं. कशीही फिरवा, वर उजवीकडं येईना. पंख्याची घरघर चालू होती. पाय गार पडले, आणि या वेळी ते स्वप्नातले नव्हते.

वहीत सुलट लिहिलेलं. कोपऱ्याची खूण जगात तिला एकटीला माहीत. ती गप्प बसली असती तर काय झालं असतं? रंगाऱ्याच्या डोळ्यावर तो पडदा बसला असता, चार दिवस टिकला असता आणि सुटून आला असता. सगळ्यांनी म्हटलं असतं, जुना डोळा, नशीब एकेकाचं. बांधाचं बी मात्र संपलं असतं.

संध्याकाळी ती निळ्या नदीच्या काठावर बसली आणि बापाला सांगून टाकलं. म्हातारा अस्तराची दुमड चाचपत होता. ऐकून घेतलं. 'होतं असं कधी कधी' वगैरे काही म्हणाला नाही.

"कापलंस का शिवलंस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"कापड वाया घालवलंस ते कापून का शिवून? कापलं असशील तर गिऱ्हाईकापुढं मान खाली घालायची आणि जोडे खायचे. शिवलं असशील तर उसवायचं. एवढं वीस वर्षांत शिकवलं नाही का मी?"

ती हळूच म्हणाली, "शिवलंय, बाबा. अजून धरलंय नुसतं."

"मग माझ्यापुढं काय रडतेस? गिऱ्हाईकाला सांग आणि उसव. आणि ते टोक धर आधी, दुमड सुटतेय."

सकाळी मोठ्या बाई अजून टोपी घालत होत्या.

"बाई, रंगाऱ्याची बशी उलटी आहे."

"उलटी? सांडली?"

"सांडली असती तर तुम्हीच ओरडला असता. पडदा उलटा आहे."

"वहीत सुलट आहे. मी स्वतः लिहिलंय."

"मी म्हणाले म्हणून लिहिलंत. तोंड सुलट म्हणालं, हातानं उलट घातलं. घरी मखमल शिवत होते." आणि तिनं कोपरा दाखवला.

मोठ्या बाईंनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. सरळ होऊन टोपी काढली. पुन्हा घातली. "हे कोपरे कोण छाटतं?"

"मी."

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"सहा वर्षं! आणि मला आज कळतंय?"

"तुम्ही कधी कडेला बघितलं नाहीत."

त्या कडाडल्या. काय काय बोलल्या ते लिहिण्यात अर्थ नाही. शिकलेल्या बाईला इतके शब्द येतात हे टेलरबाईला नव्यानं कळलं. मग त्या स्टुलावर बसल्या. "कण उचलून नव्या पडद्यावर लावता येतात. पण पेशींनी खालून धरलंय. ओढलं की कण फाटणार. तीनच आहेत." त्यांनी स्वतःचा हात दिव्यासमोर धरला. बोटांची टोकं थरथरत होती. "माझा हात आता या कामाचा नाही."

"मी उसवते."

"ज्या हातानं उलटं घातलं त्याच?"

"दुसरा आणू कुठून?"

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "आधी खाली जा. त्या माणसाला सांग. त्यानं हो म्हटलं तर हात लाव."

तपासणीला आलेला रंगारी त्याच बाकावर होता. ती समोर उभी राहिली आणि सांगितलं. पडदा, बाजू, हात, मखमल, सगळं. उसवताना तीनही कण जाऊ शकतात हेही सांगितलं.

बायको उठून उभी राहिली. "तुमचं लक्ष कुठं होतं हो? आमचं आयुष्य आहे ते! कुणाच्या परकराची नाडी आहे का?"

"लक्ष नव्हतं," टेलरबाई म्हणाली.

रंगाऱ्यानं मान वर केली. त्याची पांढरी बुबुळं तिच्या आवाजाच्या जरा डावीकडं लागलेली. "ताई, न उसवता तसंच बसवलं तर?"

"टिकणार नाही."

"आणि आम्हाला कधी कळलंही नसतं?"

"नसतं."

"हं." त्यानं पंजा गुडघ्यावर घासला. "पहिला हात वाकडा बसला तर भिंत खरवडावी लागते. वरून कितीही हात मारा, पोपडे धरतातच. खरवडा."

"अहो, पण यांनीच?" बायको म्हणाली.

"चूक कुठं झाली ते यांना ठाऊक आहे. नव्या माणसाला तेही शोधावं लागेल."

बायकोनं पदरानं नाक पुसलं आणि टेलरबाईच्या हातांकडं बघत राहिली, जसं एखाद्या कुत्र्याकडं बघावं, चावेल का न चावेल असं.

कामाच्या टेबलाच्या काचेमागं हात घालून टेलरबाई बसली. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात केसाएवढ्या पात्याची कात्री. मोठ्या बाई शेजारी, वही उघडून. पंख्याची घरघर हळूहळू लांब गेली.

उसवताना टाका ओढायचा नसतो. दोन सोडून एक कापायचा, मग कापड आपणच हात सोडतं. ती त्या ओसाड अंगणात उतरली. पहिल्या कणाच्या पायथ्याशी पेशींनी चिकट पडद्यात बोटं रुतवलेली. एक बोट सोडवलं. दोन सोडून पुढचं. अंगण निळं झालं, मखमलीसारखं, आणि त्या निळाईवर कुणी पांढरा चुना शिंपडत होतं, थेंब थेंब, हळू. तिनं तिकडं पाहिलं नाही. कुठून तरी बाप म्हणत होता, टोक धर आधी. तिनं टोक धरलं. पहिला कण सुटला. दुसऱ्याचं एक बोट राहून गेलं होतं. चिमटा उचलला आणि कण मधोमध फाटून पाण्यात धुरासारखा विरला. मोठ्या बाईंनी वहीत एक रेघ मारली. ती थांबली नाही. तिसऱ्याला दुप्पट वेळ घेतला.

दोन कण.

नवा पडदा आला. काडी, धागा, कोपरा. तिनं पडदा अंथरला, हात मागं घेतले आणि बोलली नाही.

"म्हण की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघून सांगा. मग मी म्हणते."

मोठ्या बाईंनी कडेला पाहिलं. वर, उजवीकडं. "सुलट बाजू वर," त्या म्हणाल्या, आणि वहीत स्वतःच्या नावापुढं सही केली. तेव्हापासून तो कोपरा तिथल्या कायद्यात बसला.

ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली. तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी एका कणाभोवती झालर आली. तिला वाटलं, आपण बघतोय म्हणून दिसतंय. डोळा काढला, पुन्हा लावला. झालर तशीच. दुसरा कण आठव्या दिवशी कुठं जागा झाला. बाराव्या दिवशी दोन्ही अंगणं मधोमध भेटली आणि फरशीला सांधा दिसेना. डॉक्टर बशी घेऊन गेले तेव्हा टेलरबाई उबेच्या पेटीचं दार धरून उभी राहिली. रिकामी जागा तेवढीच ओलसर, तेवढीच गरम.

निळा पडदा त्याच आठवड्यात नाटकगृहात गेला. घरात पुन्हा जमीन दिसू लागली, आणि म्हातारा दोन दिवस काठाकाठानंच चालत होता.

अडीच महिन्यांनी ती कामावर उशिरा पोचली. घाईघाईनं पांढरा कोट अंगावर टाकला आणि कागद द्यायला खाली निघाली. पेन ठेवायला खिसा सापडेना, म्हणून ते दातात धरलेलं. व्हरांड्यात बाकावर तीच दोघं. आज बायकोनं त्याचा हात धरलेला नव्हता. तो समोरच्या भिंतीकडं तोंड वाकडं करून बघत होता.

"ही भिंत कुणी रंगवली हो? ब्रशचे ओरखडे आहेत नुसते."

"त्या ताई आल्यात," बायको म्हणाली. "उसवणाऱ्या."

रंगारी वळला. या वेळी बुबुळ तिच्या डावीकडं गेलं नाही. काळं होतं, कडेला जरासं लालसर, आणि थेट तिच्यावर आलेलं. वरपासून खालपर्यंत त्यानं तिला पाहिलं, भिंत पाहावी तसं. मग तो घुटमळला.

"ताई, एक बोलू? राग नका मानू."

तिनं दातातलं पेन काढलं. "बोला."

"कोट उलटा घातलाय तुम्ही."

तिनं खाली पाहिलं. खरंच. खिसे सगळे आत.

"तुम्हाला कशावरून कळलं?"

"शिवण दिसते ना. काखेतली." त्यानं बोट केलं. "पांढऱ्यावर पांढरा दोरा आहे. बारीक टाका."

बायको तोंडाला पदर लावून हसत सुटली. टेलरबाईनं तिथंच व्हरांड्यात कोट काढला, उलटा होता तो सुलटा केला, आणि घालायच्या आधी कॉलर त्याच्यासमोर धरली.

"आता?"

"आता बरोबर," रंगारी म्हणाला. "सुलट."